वर्गातल्या चुकांवरून संशोधन कसं करावं: कोकणातल्या गणित शिक्षकांसाठी

गणित शिक्षणातलं संशोधन म्हटलं की पीएच.डी., मार्गदर्शक, शे-दोनशे मुलांचा नमुना आणि जाडजूड प्रबंध डोळ्यांसमोर येतो. मग गुहागर किंवा देवगडच्या दोन शिक्षकी शाळेतला माणूस ‘ते आपलं काम नव्हे’ म्हणून विषय सोडून देतो. पण या क्षेत्रातली काही गाजलेली कामं एकेका मुलाशी बोलून झालेली आहेत. स्टॅनली अर्लवँगर यांनी १९७३ साली बेनी नावाच्या सहावीतल्या एका अमेरिकन मुलाच्या मुलाखती प्रसिद्ध केल्या. मुलगा वर्गात पुढे गणला जात होता, चाचण्या भराभर पार करत होता. त्याच्या मते २/१० म्हणजे १.२. दोन आणि दहा मिळून बारा, मग मध्ये टिंब. नियम त्याचा त्यानेच बसवलेला होता आणि तो पाळण्यात तो काटेकोर होता.

असं मूल तुमच्या वर्गात आज बसलेलं आहे. ते शोधायला पदवी लागत नाही, नीट बांधलेले प्रश्न लागतात. प्रत्येक चुकीच्या विचारातून वेगळं उत्तर बाहेर पडेल अशी प्रश्नपत्रिका करता आली, की संशोधनाचा निम्मा डोंगर चढून झाला.

विषय लहान घ्या

‘ग्रामीण विद्यार्थ्यांमधील गणिताची भीती’ हा विषय नको. त्यातून काहीही सिद्ध होतं आणि वर्गात त्याचं काही करता येत नाही. एक इयत्ता, एक संकल्पना आणि वह्यांत पुन्हापुन्हा दिसणारं एक चुकीचं उत्तर एवढं पुरे. ५०३ मधून २४७ वजा करताना ३४४ उत्तर आलं, तर तो निष्काळजीपणा नसतो. मुलाने प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा केलेलं असतं: पाचातून दोन, चारातून शून्य, सातातून तीन. ब्राउन आणि बर्टन यांनी १९७८ साली अशा वजाबाकीतल्या चुका बारकाईने मांडून दाखवल्या आणि त्यांतल्या पुष्कळ नेमाने पाळलेल्या चुकीच्या रीती निघाल्या. ‘लक्ष देत नाही’ हा शेरा बहुतेक वेळा शिक्षकाने लक्ष न दिल्याचा असतो.

पहिली-दुसरीला शिकवत असाल तर संख्यांचं श्रुतलेखन घ्या. ‘सत्तावीस’ ऐकून ७२ लिहिणारी मुलं सापडतातच. बालभारतीने २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात ‘वीस सात’ अशी संख्यावाचनाची रीत दिली, तेव्हा राज्यभर वाद पेटला. गणित अभ्यास मंडळाच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांना वाहिन्यांवर, वर्तमानपत्रांतून खुलासे करावे लागले. त्या धुरळ्यात आपल्या वर्गात दोन्ही रीतींनी वीस-वीस संख्या सांगून किती उलटल्या हे मोजून बोलणारे फार थोडे दिसले. ते मोजमाप एका तासिकेचं काम आहे आणि आजही करता येतं.

या लेखात उदाहरण घेतलं आहे सहावीतल्या दशांश अपूर्णांकांच्या लहान-मोठेपणाचं. त्यावर जगभर भरपूर काम झालेलं आहे, साधनं फुकट बनतात आणि निकाल शिक्षकाला हमखास चकित करतो.

चौदा प्रश्नांची चाचणी

लॉरेन रेस्निक, पर्ला नेशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली इस्रायल, फ्रान्स आणि अमेरिकेतल्या मुलांच्या दशांशातल्या चुका तपासल्या. पुढे मेलबर्नमध्ये के स्टेसी आणि विकी स्टाइन्ली यांनी संख्यांच्या जोड्यांची निदानचाचणी घडवली. खालची मांडणी त्याच तत्त्वावर आहे. प्रत्येक जोडीतली मोठी संख्या गोल करायची, सारख्या वाटल्या तर मध्ये बरोबरचं चिन्ह करायचं.

अ गट, चार जोड्या, आखूड संख्या मोठी: ४.८ आणि ४.६३, ०.६ आणि ०.३७, अशाच आणखी दोन.
ब गट, चार जोड्या, लांब संख्या मोठी: ५.७३६ आणि ५.६२, २.४८ आणि २.३, आणखी दोन.
क गट, दोन जोड्या, टिंबानंतर लगेच शून्य: ४.७ आणि ४.०८, ६.३ आणि ६.०५.
ड गट, दोन जोड्या, सारखी लांबी: ०.७३ आणि ०.३५, ०.८२ आणि ०.४६.
इ गट, दोन जोड्या, पहिली दोन स्थळं तीच: १७.३५ आणि १७.३५३, ८.२६ आणि ८.२६४.

आता वाचन. अ गट सगळा चूक आणि ब सगळा बरोबर असेल, तर मूल ‘लांब म्हणजे मोठी’ म्हणतं आहे. टिंबानंतरचे अंक ते पूर्ण संख्येसारखे वाचतं, म्हणून त्याला ६३ हे ८ पेक्षा मोठे. याच मुलाचा क गट पाहा. तोही चुकला असेल तर त्याला ०८ म्हणजे नुसते आठ. क बरोबर आला असेल तर टिंबापुढचं शून्य संख्येला लहान करतं एवढं त्याच्या कानावर आहे, बाकी विचार तोच.

अ बरोबर आणि ब चूक असेल, तर ‘आखूड म्हणजे मोठी’. यात दोन जाती आहेत आणि त्या ड गटात वेगळ्या होतात. शतांश दशांशाहून लहान, म्हणून ज्यात शतांश ती संख्या लहान, असं मानणारं मूल ड बरोबर सोडवतं, कारण दोन्हीकडे शतांशच आहेत. ०.७३ ला १/७३ सारखं काहीतरी समजणारं मूल मात्र ०.३५ गोल करतं. पहिल्याला स्थानिक किंमत अर्धी कळलेली आहे, दुसऱ्याच्या डोक्यात व्यवहारी अपूर्णांक दशांशात मिसळला आहे. दोघांना एकच उजळणी देऊन उपयोग नाही.

अ, ब, क, ड सगळे बरोबर आणि इ मध्ये बरोबरचं चिन्ह? हे मूल पैशात विचार करतं. त्याच्या जगात टिंबानंतर दोन घरं, पुढे काही नसतं.

आता नेहमीची घटक चाचणी काढून बघा. तिच्यात तुलनेचे प्रश्न ब सारखेच असले, तर ‘लांब म्हणजे मोठी’ मानणारा मुलगा पैकीच्या पैकी घेऊन जातो आणि आपण त्याला पुढे ढकलतो.

चाचणी बांधताना काही गोष्टी पाळा. ०.२५, ०.५, ०.७५ टाळा, पाव, अर्धा, पाऊण मुलांना बाजारातून येतं, दशांशातून नव्हे. गट मिसळून टाका, मोठी संख्या कधी डावीकडे कधी उजवीकडे ठेवा. सेमी इंग्रजीचा वर्ग असेल तर त्यांच्या पुस्तकातलेच अंक छापा. वेळ वीस मिनिटं. अ आणि ब गटात चार-चार प्रश्न का, तर दोहोंतून डोळे मिटून एक निवडली तरी एका जोडीला उत्तर जुळण्याची शक्यता निम्मी असते, चारही जुळण्याची सोळात एक. एका प्रश्नावरून मुलाला शिक्का मारू नये तो एवढ्यासाठी. चारांपैकी तीन एका दिशेला आले तरी तो कल धरा, दोन-दोन आले तर ‘ठरत नाही’ असं लिहा. ठरत नाही असे दोघंतिघं निघतातच. त्यांना ओढूनताणून कुठल्या गटात बसवू नका.

मुलाला बोलतं करणं

चाचणी सांगते काय, मुलाखत सांगते कसं. प्रत्येक प्रकारातलं एकेक मूल घ्या, दहा मिनिटं पुरतात. त्याचीच उत्तरपत्रिका समोर ठेवा आणि ‘कसं ठरवलंस?’ विचारा. ‘का?’ विचारलं की आपल्याकडे मूल ओरडा बसणार असं समजतं आणि पाटी पुसायला लागतं. बरोबर उत्तरांवरही तोच प्रश्न विचारा, नाहीतर दोन प्रश्नांत त्याला कळतं की बोट ठेवलं म्हणजे चुकलंय.

प्रश्न विचारून गप्प बसा. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिलं की शिक्षक उत्तरासाठी जेमतेम सेकंदभर थांबतात, आणि तीनेक सेकंद थांबलं तरी उत्तरं लांब आणि विचारपूर्वक येतात. मनातल्या मनात पाच मोजा. मूल मालवणीत, संगमेश्वरीत किंवा आगरीत बोललं तर तसंच लिहून घ्या. ‘त्रेसष्ट मोठे नाय काय?’ हे वाक्य ‘विद्यार्थ्यास स्थानिक किमतीचे आकलन नाही’ या वाक्यापेक्षा दसपट कामाचं आहे, अहवालातही तेच जाऊ द्या.

मोबाइलवर रेकॉर्डिंग करायचं तर पावसाळ्यात पत्र्याखाली करू नका, सर आली की नुसता ताशा ऐकू येतो. ओसरीवर बसा किंवा हाताने टिपून घ्या. उत्तरपत्रिका पेन्सिलीने किंवा बॉलपेनने लिहवा, जेलची शाई दमट हवेत पसरते. आणि त्याच दिवशी प्रत्येक पानाचा फोटो काढा. कपाटातल्या गठ्ठ्याला वाळवी कधी लागते ते गठ्ठा उचलल्यावरच कळतं.

शिकवायचं काय

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे ‘शून्य लावून लांबी सारखी करा’: ४.८ चं ४.८० केलं की ८० आणि ६३. चाचणीत गुण लगेच वाढतात. पण मूल अजून पूर्ण संख्याच वाचत असतं, आपण फक्त त्याला बरोबर उत्तर मिळेल अशी सोय करून दिली. ही सोय शेवटी शिकवायला हरकत नाही. सुरुवात तिने केली तर तुमचा पुढचा निकाल खोटा येईल.

त्याऐवजी पट्ट्या घ्या. जुन्या कॅलेंडरांचे जाड कागद चिकटवून एक मीटर लांबीची पट्टी करा, ती ‘एक’. तिचे दहावे भाग १० सेंटिमीटरचे, गटाला दहा. त्यांचेही दहावे भाग १ सेंटिमीटरचे, गटाला वीस. रुंदी सगळ्यांची सारखी, साधारण ३ सेंटिमीटर. आठ दहावे भाग जोडून ०.८, त्याच्याखाली सहा दहावे आणि तीन शंभरावे जोडून ०.६३. टोकं शेजारी आली की वाद मुलांचा मुलंच मिटवतात. येथे एक गोष्ट हमखास बिघडते. कोणीतरी ‘हे त्रेसष्ट सेंटिमीटर’ म्हणतं, आणि आपण पुन्हा पूर्ण संख्येत येऊन पडतो. म्हणून पट्ट्यांवर मोजपट्टीचे आकडे नकोत आणि शिक्षकाच्या तोंडीही सेंटिमीटर नको. ‘एकाचा दहावा’, ‘एकाचा शंभरावा’ असंच म्हणायचं. तसंच ‘चार पॉइंट त्रेसष्ट’ हे वाचन बंद. ‘चार पॉइंट सहा तीन’ म्हणा किंवा ‘चार पूर्णांक त्रेसष्ट शतांश’.

चार तासिका लागतात: एक पट्ट्यांची, एक संख्यारेषेची, एक दोन संख्यांच्या मधली संख्या शोधण्याची, एक व्यवहाराची.

व्यवहाराची तासिका दिसते तितकी सोपी नाही. बाजारातले बहुतेक दशांश सारख्या लांबीचे असतात. बिलावर दोन घरं, इलेक्ट्रॉनिक काट्यावर ०.७५० अशी तीन, भरती-ओहोटीच्या तक्त्यात सगळ्या उंच्या सारख्याच घरांपर्यंत. म्हणून व्यवहारात ही चूक उघडीच पडत नाही. काट्यावरचा १.२५० मुलगा ‘एक किलो दोनशे पन्नास’ वाचतो, सव्वा किलो म्हणतो आणि त्याचं बरोबर असतं, त्यालाच १.५ किलो म्हणजे किती विचारा, ‘एक किलो पाच ग्रॅम’ असंही उत्तर येतं. शिवाय मासळीबाजारात सुरमई वजनावर जाते, पण बारीक मासळीचा वाटा लावलेला असतो, तिथे दशांश कुठला? तेव्हा उदाहरणं उचलताना लांबी मुद्दाम बिघडवा: तक्त्यातली एक उंची २.४ मीटर लिहा, शेजारची २.३५, आणि विचारा कुठल्या दिवशी पाणी जास्त वर येईल. उधाण (मोठी भरती) आणि भांग (छोटी भरती) घरातून माहीत असलेली मुलं इथे वर्ग चालवतात.

क्रिकेटपासून मात्र सांभाळा. ३.५ षटकांनंतर एक चेंडू पडला की ४ षटकं होतात. ते टिंब दशांशाचं नाही, आणि हे मुलांना स्पष्ट सांगावं लागतं.

पुन्हा चाचणी, आणि गणपती

शिकवून झाल्यावर आठवड्याने दुसरी चाचणी घ्या. प्रकार तेच, संख्या वेगळ्या. तिच्यात शून्य लावण्याच्या युक्तीला न बधणारे दोन-तीन प्रश्न घाला: ‘३.४ आणि ३.५ यांच्या मध्ये एखादी संख्या आहे का? असेल तर लिही’, ‘०.०९ संख्यारेषेवर दाखव’. जोड्यांत पैकीच्या पैकी आणि इथे ‘नाही’ असं उत्तर आलं, तर मूल युक्ती शिकलं आहे.

तिसरी चाचणी उशिरा घ्यायची, आणि त्यासाठी कोकणचं वर्ष सोयीचं आहे. पहिली चाचणी शाळा सुरू झाल्यावर, लावणीने हजेरी पातळ व्हायच्या आत. पाठ ऑगस्टच्या पूर्वार्धात, दुसरी चाचणी त्यानंतर आठवड्याने. मग गणपती. चाकरमानी गावात आले की आठ-दहा दिवस गणिताचं नाव कोणी काढत नाही, आणि विसरण्याची ही परीक्षा आयती मिळते. सुट्टीनंतर शाळा रुळली की तिसरी चाचणी, प्रथम सत्राच्या परीक्षेची गडबड सुरू होण्याआधी. गणपती कधी ऑगस्टच्या अखेरीस येतात कधी सप्टेंबरच्या मध्याला, तेव्हा जूनमध्येच कॅलेंडर बघून तारखा ठरवा. शिमग्याच्या तोंडावर काही सुरू करू नका.

नोंदवहीत प्रत्येक मुलाला एक ओळ: नावाऐवजी क्रमांक, तीन चाचण्यांतले पाच-पाच गटांचे गुण, ठरवलेला प्रकार, हजेरी, शेरा. नाव आणि क्रमांकाची जोडयादी वेगळी, कुलपात. मुख्याध्यापकांची लेखी परवानगी आणि पालकांची संमती आधी घ्या. पालकसभेत पाच मिनिटांत सांगून सही घेता येते.

पट अकरा असेल तर टक्केवारी काढू नका. अकरातल्या चौघांचे ३६.३६ टक्के होतात आणि त्या दोन दशांश स्थळांत काही तथ्य नसतं. ‘अकरापैकी चार’ लिहा. लहान पटाची मर्यादा खरी आहे. तुमच्या निकालावरून राज्याबद्दल बोलता येणार नाही. पण प्रत्येक मुलाची तीन टप्प्यांची हालचाल दाखवता येते, जी हजारांच्या सर्वेक्षणात दिसत नाही. तुलनेला दुसरा वर्ग हवा असेल तर केंद्रातल्या, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटातल्या, शेजारच्या शाळेला पहिल्या दोन चाचण्या द्या, पट्ट्यांचा पाठ त्यांना नंतर द्या. सहावी-सातवी एकत्र बसत असतील तर सातवीनेही पाठ ऐकला आहे, हे लिहून ठेवा.

वाचन आणि लेखन

संशोधनपर लेख बहुतेक इंग्रजीत आहेत. ते पहिल्या ओळीपासून वाचायला घेतले की तिसऱ्या पानावर झोप येते. आधी सारांश, मग थेट मुलांना विचारलेले प्रश्न, मग मुलांची उत्तरं, मग तक्ते. पूर्वीच्या कामाचा आढावा शेवटी, लागलाच तर. अमेरिकन सरकारचा एरिक हा शोधसंग्रह फुकट आहे, आणि अझीम प्रेमजी विद्यापीठाचं ‘अॅट राइट अँगल्स’ हे नियतकालिक शालेय गणितासाठीच आहे. महिन्याला एक लेख आणि त्यातला एक प्रश्न आपल्या वर्गात, एवढा वेग टिकतो.

लिहायचं चार पानं. काय विचारलं, कोणाला, कसं, काय दिसलं, मुलांची दोन-तीन वाक्यं जशीच्या तशी, आणि कशाबद्दल अजून शंका आहे. ‘सर्व विद्यार्थी शंभर टक्के प्रगत’ छापाचे अहवाल आपल्याकडे ढिगाने आहेत आणि त्यांवर कोणी विश्वास ठेवत नाही, लिहिणाराही. गणपतीनंतर जी दोन मुलं पुन्हा जुन्या विचारावर गेली, त्यांच्यावर एक पूर्ण पान खर्च करा. पुढच्या वर्षीचा विषय तिथेच आहे.

मांडायला पहिली जागा केंद्राची शिक्षण परिषद. पंधरा मिनिटं मागा, भाषण नको. चौदा जोड्या शिक्षकांनाच सोडवायला द्या आणि मग कुठलं उत्तर कुठल्या विचारातून येतं ते उलगडा. पुढे जिल्ह्याची डाएट (शिक्षक प्रशिक्षण संस्था), पुण्याच्या एससीईआरटीची (राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची) नवोपक्रम स्पर्धा, ‘जीवन शिक्षण’ मासिक. मुंबईत मानखुर्दला टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, १९७४ पासूनचं. विज्ञान आणि गणिताच्या शिक्षणावर तिथे पीएच.डी. करता येते, आणि २००४ पासून ‘एपिस्टीम’ नावाची आंतरराष्ट्रीय परिषदही ते भरवत आले आहेत. तिथे निबंध इंग्रजीत लागतो. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, चार-पाच शाळांतल्या नोंदी हाताशी आल्यावर तिकडे वळा.

पदवीचा विचार त्याच सुमाराला करावा. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड मुंबई विद्यापीठाखाली येतात, एम.एड. किंवा शिक्षणशास्त्रातलं एम.ए., मग पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा किंवा नेट-सेट हा नेहमीचा रस्ता. आधी पदवी आणि मग विषय शोधायचा असं केलं की विषय मार्गदर्शकाचा होतो. तीन वर्षांच्या उत्तरपत्रिका घेऊन गेलात तर तो तुमचा राहतो. मुलाखतीला त्या बरोबर न्या, प्रमाणपत्रांची फाइल मागितल्यावर काढा.

वर्गात शिकवणं सोडू नका. संस्थेत काम मिळालं तरी आठवड्याला दोन तासिका एखाद्या शाळेत मागून घ्या, आणि दुसऱ्याच्या शाळेत चाचणी घेतली तर पंधरा दिवसांत एका पानावर, मराठीत, त्या वर्गाचा निकाल त्या शिक्षकाच्या हातात द्या. निकाल कधीच परत आला नाही ही शाळांची जुनी तक्रार आहे आणि पुढच्या संशोधकाला दार न उघडण्याचं तेच कारण असतं.

जिल्हा परिषदेच्या सेवेत असाल तर उच्च शिक्षणासाठी पूर्वपरवानगी प्रवेश घेण्याआधीच लागते. अर्ज मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो आणि मध्ये कुठेतरी थांबतो. म्हणून तो प्रवेशाच्या निदान एक सत्र आधी द्या, आणि प्रत्येक टेबलावरून तारखेसह पोच घेऊन ठेवा.